ब्रॉडबँडचा वर्षाचा प्लॅन संपतोय आणि जुन्या ग्राहकालाच भाव जास्त. काय करावं? (वडगाव बुद्रुक, पुणे)

सदाफुली

नमस्कार मंडळी. आमच्या घरच्या ब्रॉडबँडचा वर्षाचा प्लॅन या महिनाअखेरीस संपतोय. २०२० साली लॉकडाऊनमध्ये घेतलेलं कनेक्शन, तेव्हापासून एकच कंपनी, पैसे कधी थकवले नाहीत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला कुणाची बदनामी करायची नाहीये, मार्ग हवाय.

गेल्या वर्षी १०० एमबीपीएसचा प्लॅन महिना ७९९ अधिक जीएसटी होता. वर्षाचे पैसे एकदम भरले होते. यंदा ॲपमध्ये रिन्यू करायला गेले तर तोच प्लॅन ८९९. वेग तेवढाच. दोन-तीन ओटीटी जोडलेत म्हणे, त्यातलं आमच्या घरात कुणी काही बघत नाही. कस्टमर केअरला फोन केला, तर "मॅडम, सिस्टिममध्ये मला हाच दर दिसतोय" एवढंच उत्तर.

आणि परवा खाली लिफ्टजवळ त्याच कंपनीचं पत्रक चिकटवलेलं. नवीन ग्राहकाला ७९९, वर्षाचे भरले तर वर दोन महिने मोफत, इन्स्टॉलेशन फुकट. घरी येऊन १८ टक्के जीएसटी धरून हिशेब मांडला. आम्ही १२ महिन्यांचे १२,७३० भरायचे. पहिल्या मजल्यावर नवीन राहायला आलेत त्यांनी १४ महिन्यांचे ११,३१४ भरायचे. म्हणजे आम्हाला महिना १,०६१ रुपयांना पडणार आणि त्यांना ८०८ ला. एकाच डक्टमधून, एकाच कंपनीची वायर. इतकी वर्षं वेळेवर पैसे भरणाऱ्याला हे असं वागवतात याचा खरंच राग आला.

घरची गरज सांगते. नवऱ्याचं आठवड्यातले तीन दिवस घरून काम. तो आतल्या बेडरूममध्ये बसतो आणि मीटिंगमध्ये आवाज तुटतो, ही रोजची कटकट. मुलगी दहावीला, तिचे क्लासचे रेकॉर्ड केलेले तास असतात. सासरे संध्याकाळी हॉलमधल्या टीव्हीवर यूट्यूबला कीर्तन लावतात. कनेक्शन त्यांच्याच नावावर आहे. नवऱ्याच्या ऑफिसकडून इंटरनेटचे पैसे परत मिळू शकतात, पण त्यासाठी बिल त्याच्या नावाचं आणि जीएसटी नंबर असलेलं लागतं, म्हणून आजवर एक रुपया मिळालेला नाही.

दुसरा पर्याय आमच्या भागातल्या केबलवाल्या दादांचा. १०० एमबीपीएस, सहा महिन्यांचे ३,६००, सगळं धरून. माणूस चांगला, फोन केला की त्याच दिवशी येतो. पण बिलाचं विचारलं की "बघू ताई" म्हणतो. दुसऱ्या मोठ्या कंपनीची फायबर आमच्या विंगमध्ये अजून आलेली नाही.

तर भाव कमी करून घ्यायचा असेल तर नेमकं कुणाशी आणि काय बोलायचं? की सरळ बदलून टाकू?

बिबवेवाडीकर

ताई, सोसायटीच्या ग्रुपवर आधी विचारा की त्या कंपनीचं कनेक्शन कुणाकुणाकडे आहे आणि कुणाचं कधी संपतंय. आमच्याकडे मी कमिटीवर आहे. एकेकट्याने फोन केला की ठरलेलं उत्तर मिळायचं. बऱ्याच घरांची यादी करून पत्रकावर नंबर असतो त्या सेल्सवाल्याला पाठवली, तर त्याचा एरिया मॅनेजर रविवारी सकाळी स्वतः सोसायटीच्या ऑफिसात येऊन बसला. दुसऱ्या कंपनीला वायर टाकायची परवानगी द्यायची की नाही हे शेवटी सोसायटीच्या हातात असतं, आणि ते त्यांना पक्कं माहीत असतं. तुमच्या सेक्रेटरींना सांगा, दुसऱ्या कंपनीचा अर्ज आला असेल तर फायलीत पडू देऊ नका. एका बिल्डिंगमध्ये दोन फायबर असल्या की दोघांचेही भाव ताळ्यावर राहतात. आम्ही गेली काही वर्षं हे बघतोय.

तळजाई

सदाफुलीताई, मी एका इंटरनेट कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये रिटेन्शनला काम केलंय. सोडून जाणाऱ्या ग्राहकाला थांबवायचं, हेच आमचं काम. आता त्या क्षेत्रात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे ऑटोपे बघा. यूपीआयवर किंवा कार्डावर मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, दिलेलं असेल तर आज काढून टाका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १५,००० रुपयांपर्यंतची ठरलेली वसुली ओटीपी न विचारता जाते. फक्त २४ तास आधी एक मेसेज येतो. तुमचे १२,७३० त्या मर्यादेत बसतात. कापण्याचा मेसेज बाकीच्या जाहिरातींच्या मेसेजमध्ये हरवला की नव्या भावाने वर्ष सुरू झालं, आणि मग बोलणी करायला तुमच्या हातात काही उरत नाही.

दुसरं, ज्यांच्याशी तुम्ही बोललात त्या मुलीला खरोखरच एकच दर दिसतो. ती खोटं बोलत नव्हती. तिच्याशी वाद घालून काही मिळत नाही, उलट कॉल "माहिती दिली" म्हणून बंद होतो. तिला फक्त इतकं सांगा: "कनेक्शन अमुक तारखेनंतर बंद करायचं आहे, तशी रिक्वेस्ट नोंदवा आणि तिचा नंबर द्या." ही रिक्वेस्ट पडली की केस वेगळ्या डेस्ककडे जाते, आणि सवलती ठेवलेल्या असतात त्या तिथे. एक-दोन दिवसांत तिकडून फोन येतो.

त्या फोनवरच्या माणसासमोर काय असतं ते समजून घ्या. तुम्ही किती वर्षं आहात, पैसे वेळेवर येतात का, एखादी तक्रार उघडी आहे का, आणि तुमच्या पत्त्यावर दुसऱ्या कुणाची सेवा मिळते का. आमच्याकडे या शेवटच्या गोष्टीला सगळ्यात जास्त वजन असायचं. "मी जुनी ग्राहक आहे" हे वाक्य आम्ही दिवसभर ऐकायचो. खरं सांगतो, त्यावर एक रुपयाही सुटत नसे, कारण जुना ग्राहक बहुतेक वेळा थांबतोच हे कंपनीला माहीत असतं. पण "माझ्या हातात सहा महिन्यांचे ३,६०० असा भाव आहे, वायर घरापर्यंत टाकून देतोय, शनिवारी येतोय" असं कुणी रुपयांत आणि तारखेत बोललं की आम्ही ताठ बसायचो. केबलवाल्या दादांचा भाव व्हॉट्सॲपवर लिहून मागून घ्या. आणि बोलाल ते खरंच करायची तयारी ठेवूनच बोला. नुसती हूल त्या डेस्कवर लगेच ओळखू येते.

आता मागायचं काय. महिन्याचा दर वरून ठरलेला असतो, तो डेस्कवर फारसा हलत नाही. हलतात त्या दुसऱ्या गोष्टी: जादा महिने, नवीन मॉडेम, वरचा वेग, जुना प्लॅन आणखी एक मुदत चालू ठेवणं. म्हणून "दर कमी करा" असं न म्हणता "पत्रकातले जादा महिने मलाही द्या, ओटीटी नसलेला जुना प्लॅन द्या आणि मॉडेम बदला" असं सांगा. तुम्ही काढला तसा, सगळा कर धरून महिना किती पडतो तो आकडा फोनजवळ लिहून ठेवा. ते तुम्हाला पंधरा दिवस मोफत, कूपन, कॅशबॅक असं काहीबाही देऊ करतील. प्रत्येक वेळी त्याच आकड्यात मोजून बघा.

महिनाअखेरीस तुमचा प्लॅन संपतोय हे बरं झालं. शेवटच्या आठवड्यात त्या डेस्कवर टार्गेटचा ताण असतो. प्लॅन संपून लाइन बंद पडल्यावरही फोन येतात, कधीकधी तेव्हाच सगळ्यात चांगली ऑफर मिळते. पण घरून काम असेल तर दोन-तीन दिवस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर निघतील का ते आधी बघा.

आणि हे अगदी मनावर घ्या: "तुम्ही आता भरा, जादा महिना मागाहून जोडला जाईल" याला हो म्हणू नका. ऑफर एसएमएस, मेल किंवा ॲपमध्ये दिसली पाहिजे, वैधतेच्या शेवटच्या तारखेसकट. मग पैसे. मी तिथे असताना सगळ्यात जास्त भांडणं या एका गोष्टीवरून पाहिली. कुणीतरी तोंडी शब्द दिलेला असायचा, तो माणूस नोकरी सोडून गेलेला असायचा, आणि ग्राहक बिचारा कुणाचं नाव घेणार?

माझं मत विचाराल तर वर्षाचे पैसे एकदम गुंतवू नका. सहा महिन्यांचं घ्या. मधेच सेवा बिघडली तर आगाऊ भरलेले पैसे परत मिळवणं फार जिकिरीचं होतं.

नावाचं म्हणाल तर बऱ्याच कंपन्या चालू कनेक्शन असलेल्या पत्त्यावर दुसऱ्या नावाने नवीन ग्राहक म्हणून घेत नाहीत. पण नाव बदलून देतात, दोघांची केवायसी लागते. ते याच बोलण्यात मागून घ्या. बिल यजमानांच्या नावाने निघायला लागलं आणि ऑफिसने त्यातलं थोडं जरी दिलं, तरी कुठल्याही सवलतीपेक्षा जास्त वाचेल.

सदाफुली

तळजाईदादा, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. एकच भीती. बंद करायची रिक्वेस्ट टाकली आणि त्यांनी खरंच लगेच बंद केलं तर? मुलीची सराव परीक्षा तोंडावर आहे. आणि समजा लेखी देऊनही महिना जोडला नाही, तर कुठे जायचं?

तळजाई

रिक्वेस्टमध्ये तारीख सांगा, "सध्याचा प्लॅन संपेल त्या दिवसापासून". भरलेल्या मुदतीआधी बंद करायचं त्यांना कारण नसतं. आणि फोन ठेवायच्या आधी तीच तारीख समोरच्याकडून परत वाचून घ्या.

शब्द फिरवला तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, फी नसते, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ट्राय म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, तिच्या २०१२ च्या नियमावलीत हे आहे. बरेच लोक थेट ट्रायला लिहितात, पण ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवा. त्यापुढे ग्राहक आयोग आहेच, टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केलंय. साधारण अपिलाचं नाव काढलं की महिना जोडला जातो, असा माझा अनुभव.

जोडारी

मी धायरी-नऱ्हे पट्ट्यात फायबर जोडायची कामं करतो, कंपन्यांचीही आणि केबलवाल्यांचीही. भावाचं वरच्या दादांनी सांगितलं. मी वायरीचं सांगतो, कारण ताईंचा आवाज तुटायचा त्रास प्लॅन बदलून जाईल असं मला वाटत नाही.

२०२० चा मॉडेम म्हणताय. त्या वेळी लावलेल्यांतले बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झचे होते. मॉडेमखालचं लेबल बघा, ५जी (म्हणजे इथे ५ गिगाहर्ट्झ, मोबाइलचं ५जी नव्हे) किंवा ड्युअल बँड असं काही लिहिलेलं नसेल तर तोच. २.४ वर आजूबाजूच्या सगळ्या फ्लॅटचे वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळ्यांची दाटी. त्यात मॉडेम हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटात आणि कामाचा माणूस आतल्या खोलीत, मधे दोन भिंती. अशा घरात मी गेलो की आधी लॅपटॉप मॉडेमजवळ नेऊन लॅनच्या वायरने जोडतो आणि स्पीड टेस्ट लावतो. तिथे पूर्ण वेग मिळाला तर कंपनीची लाइन ठीक आहे, दोष घरातल्या वायफायचा. तो दोष २०० चा प्लॅन घेऊनही तसाच राहतो.

अजून एक. २०० एमबीपीएस घेतल्यावर लोक फोन करतात की वेग ९४-९५ च्या वर जात नाही. तिथे बहुतेक वेळा मॉडेमचा पोर्टच १०० चा असतो, नाहीतर लॅनच्या वायरीच्या आठ तारांतल्या चारच जोडलेल्या असतात. चार तारांवर १०० च्या पुढे जातच नाही. क्लिपमधून उजेडात धरून बघा, रंगीत तारा मोजता येतात. म्हणून वेग फुकट वाढवून दिला तरी मॉडेम बदलल्याशिवाय घेऊ नका. आणि दोन्हीपैकी एकच मिळणार असेल तर मॉडेम घ्या. दहावीची मुलगी, घरून काम आणि टीव्हीवरचं कीर्तन एवढ्याला १०० भरपूर आहे. यजमानांच्या टेबलापर्यंत एक चांगली लॅनची वायर पट्टीतून ओढून घ्या. मीटिंगचा प्रश्न तिथेच मिटतो.

केबलवाल्याकडे जाण्याआधी एक गोष्ट विचारा: फायबर घरात येणार का गच्चीपर्यंतच? कंपनीच्या फायबरला मधल्या वाटेत स्प्लिटर (एका फायबरचे अनेक फाटे करणारा डबा) असतो, त्याला वीज लागत नाही. तुमच्या इन्व्हर्टरवर मॉडेम चालू असला की लाइट गेले तरी नेट चालतं. काही केबलवाले फायबर गच्चीवर आणून तिथे स्विच लावतात आणि खाली लॅनची वायर सोडतात. बिल्डिंगचे लाइट गेले की तो स्विच बंद, मग घरी इन्व्हर्टर असून उपयोग नाही. गुरुवारी महावितरण दुरुस्तीला लाइट घालवतं त्या दिवशी हे कळतं, आणि नेमकी त्याच दिवशी साहेबांची मीटिंग असते. घरातच फायबर देत असतील तर चांगलंच.

मॉडेम बदलायला माणूस आला की त्याला पॉवर मीटर (फायबरमधून येणारा प्रकाश मोजायचं यंत्र) लावून रीडिंग दाखव म्हणा. उणे २० च्या आसपास असेल तर मस्त. उणे २७ च्या खाली गेलं असेल तर कुठेतरी वायर दुमडलीय किंवा जोड खराब आहे, तो त्याच भेटीत करून घ्या. रस्ता खोदून झाला की आमच्याकडे घाईघाईत जोड मारलेले असतात, पावसाळ्यात तेच पहिले त्रास देतात.

सदाफुली

काय झालं ते कळवते. जोडारीदादांनी सांगितलं तसं केलं, मॉडेमजवळ वायर लावून वेग पूर्ण मिळाला. लेबलवर फक्त २.४. म्हणजे इतके महिने नवरा बिचारा उगाच कंपनीला दोष देत होता.

ऑटोपे काढलं. सासऱ्यांच्याच मोबाइलवरून, त्यांनाच शेजारी बसवून बंद करायची रिक्वेस्ट नोंदवली, कारण ओटीपी त्यांच्या नंबरवर येतो. दुसऱ्या दिवशी फोन आला. पहिल्यांदा २०० चा वेग देतो म्हणाले, मी नको सांगितलं. मग वर्षाच्या प्लॅनवर एक महिना. केबलवाल्यांचा भाव सांगितला, शनिवार सांगितला, आणि मॉडेमचं सांगितलं. ते म्हणाले विचारून सांगतो. संध्याकाळी परत फोन. जुना ७९९ चा प्लॅन, सहा महिन्यांवर एक महिना जादा, ड्युअल बँड मॉडेम बदलून, त्याचे पैसे नाहीत.

५,६५७ रुपयांत सात महिने. भागून बघितलं, ८०८. पत्रकावरच्या नवीन ग्राहकाचाच भाव, आणि निम्मेच पैसे अडकले. मेसेजमध्ये शेवटची तारीख आल्यावरच भरले. नाव बदलायचा अर्ज दिलाय, सासऱ्यांची सही आणि दोघांचं आधार लागलं.

केबलवाल्या दादांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांचा भाव पुढे करून मी बोलले होते, त्यामुळे ते सांगणं मला आवश्यक वाटलं. ते म्हणाले, घरात फायबर द्यायचं काम आमच्या लेनमध्ये दिवाळीनंतर सुरू करणार आहेत, तेव्हा जीएसटी बिलही देतील. बिबवेवाडीकरदादा, सोसायटीच्या ग्रुपवर यादी सुरू केलीय, आमच्या विंगमधली बरीच नावं आली. पुढची मुदत संपायच्या आत दुसऱ्या फायबरचा अर्ज कमिटीपुढे ठेवतोय.

जोडारी

छान झालं ताई. जुना मॉडेम नेताना त्या मुलाकडून पावती घ्या, मॉडेम आणि ॲडॉप्टर दोन्हींचा उल्लेख असलेली, आणि मॉडेमच्या मागच्या सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा. मॉडेम परत आलाच नाही म्हणून नंतर पैसे लावल्याचं मी बघितलंय. नाव बदलून झालं की पहिल्या बिलावर यजमानांचं नाव आणि पत्ता ऑफिसला हवा तसाच आलाय का तेही तपासा, स्पेलिंगसकट.